वृषाचार्यांचे चरणतीर्थ

बालकांनो, रोग सीमा कशाने ओलांडतो, हे तुम्हांस सांगता येईल काय?

वाऱ्याने, असे मागच्या रांगेतला कोणी म्हणेल. पाण्याने, असे दुसरा म्हणेल. पुढे बसलेला हुशार विद्यार्थी म्हणेल, पायांनी. उत्तर बरोबर आहे. परंतु कोणाच्या पायांनी, हे त्यालाही सांगता येणार नाही. पाया पडताना डोळे मिटण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यामुळे पाय कोणी नीट पाहिलेले नसतात.

म्हणून ही कथा ऐका. हात जोडून बसण्याची आवश्यकता नाही. हात धुऊन बसलात, तरी पुरे.

एका जंगलात एक नाका होता.

जंगल गुराढोरांचे होते. त्याच्या कडेने नदी वाहत असे. नदीपलीकडे दुसरे जंगल होते, तेही गुराढोरांचेच. गवत दोन्हींकडे सारखेच उगवे. तरी अलीकडची गुरे पलीकडच्यांना तुच्छतेने ‘पल्याडचे’ म्हणत. पलीकडची गुरेही अलीकडच्यांना तेच म्हणत.

पाच वर्षांपूर्वी पल्याडून लाळ्या-खुरकूत आला होता. जनावरांच्या जिभेवर फोड आले, तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या, खुरांच्या फटी सडल्या. मोठी जनावरे लंगडत का होईना, वाचली. वासरे वाचली नाहीत.

त्यानंतर पंचायत शहाणी झाली. ठेच लागल्यावर शहाणे होण्याची परंपरा त्या जंगलातही होती. नाक्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने भरलेली दगडी डोण ठेवण्यात आली. येणाऱ्या प्रत्येकाने चारही पाय तीत बुडवावेत, असे ठरले. डोणीपलीकडे कुडाचा एक वाडा उभारला. परक्या जनावराने तेथे एकवीस दिवस एकटे राहावे. त्या वाड्याला सारे ‘एकविशी’ म्हणत. साळिंदराने दर सहा महिन्यांनी येऊन प्रत्येकास औषधाचा काटा टोचावा, असेही ठरले. आणि ज्याच्या जिभेवर फोड दिसेल, त्याने त्याच दिवशी नाक्यावर कळवावे.

हे सारे नियम वृषाचार्यांनी रचले.

वृषाचार्य हे त्या जंगलातील सर्वांत विद्वान, सर्वांत वृद्ध आणि सर्वांत शुद्ध बैल होते. तिन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. त्यांनी नियम ओवीबद्ध केले. रोगाच्या लक्षणांची ओवी तर वासरांनाही येत असे:

जिभेवरी येती फोड । चारा न लागेचि गोड ।
लपवावे ही तो खोड । घातक जाणा ॥

ओवी सर्वांना पाठ झाली. जे पाठ आहे ते पाळावे लागत नाही, असा त्या जंगलात समज होता. तुमच्या शाळेतही तो असेल.

नाक्यावर पहारेकरी म्हणून तुळाजी गाढवाची नेमणूक झाली. गाढवाचा खूर अखंड असतो, त्यामुळे त्यास हा रोग होत नाही. आचार्यांनी या नेमणुकीस संमती देताना म्हटले, “ईश्वराने गाढवास रोग दिला नाही. एका जीवास किती द्यावे, यालाही मर्यादा असते.” सभा हसली. तुळाजीही हसला. त्याला विनोद कळत असे. फक्त तो आपल्याविषयी आहे याचे त्याला दुःख होत नसे.

आता आचार्यांविषयी सांगतो. ते ढोंगी नव्हते, हे प्रथम लक्षात ठेवा. ढोंगी असते तर ही कथा फार लहान झाली असती. ते सूर्योदयापूर्वी नदीत स्नान करीत. उष्टा चारा खात नसत. कोणाची निंदा एकदाच करीत, दोनदा नव्हे. परमेश्वराचे नाम त्यांच्या मुखात अखंड असे, आणि ते मनापासून असे.

मात्र डोणीत पाय घालणे त्यांना मान्य नव्हते. त्या पाण्यात डुकराचे खूर बुडालेले असत. शेळीचे बुडालेले असत. स्नान करून शुद्ध झालेल्याने पुन्हा त्या पाण्यात उतरणे म्हणजे शुद्धीकडून अशुद्धीकडे जाणे, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी नाक्याच्या वरच्या अंगाला आपला स्वतंत्र घाट ठेवला होता. नियमकर्ता नियमाच्या बाहेर उभा राहतो, तेव्हाच त्यास नियम नीट दिसतो, असेही ते म्हणत.

उपदेशकांची जात अशीच असते. ही कथा सांगणारा त्याच जातीतला आहे, म्हणून हे खात्रीने सांगता येते.

साळिंदर काटा घेऊन आला, तेव्हा आचार्यांचे अनुष्ठान चालू होते. अनुष्ठानात रक्ताचा थेंब सांडू नये. आचार्य म्हणाले, “पुढच्या वेळी.” ते थांबले, म्हणून कळपही थांबला. साळिंदर काटे मोजून परत गेला.

त्याच महिन्यात पल्याड रोग उठल्याची वार्ता आली.

पंचायतीची प्रमुख भुराबाई म्हैस हिने तातडीने सभा घेतली. नाका बंद करण्यात आला. नाक्यावर एक फलक टांगण्यात आला: ‘हे जंगल रोगमुक्त आहे.’ फलक टांगून झाल्यावर सर्वांना बरे वाटले. मैना नावाची एक शेळी पल्याडून मिठाचे खडे घेऊन येत असे. ती वार्तेच्या आधीच येऊन एकविशीत दाखल झाली होती. तिचा बारावा दिवस होता. तिने चारही पाय डोणीत बुडवले होते. तुळाजीने सांगितले म्हणून तोंडही धुतले होते.

“अजून नऊ दिवस रे बाबा?” मैना कुडाआडून विचारी.

“नऊ,” तुळाजी म्हणे.

“आणि मिठाला कोण चाटतंय तोवर? मुंग्या?”

“मुंग्यांना खुरकूत होत नाही, मैनाबाई.”

एकादशी आली. पल्याडच्या गुरांनी आचार्यांना निरोप धाडला होता. आम्ही पीडित आहोत, आपण येऊन आरोग्य आणि आचार या विषयावर दोन शब्द सांगावेत, अशी त्यात विनंती होती. आचार्यांचे अंतःकरण द्रवले. विषय त्यांच्या आवडीचा होता.

ते घाटावर उतरले, तेव्हा तुळाजी तेथे उभा होता.

“आचार्य, पल्याड रोग आहे.”

“म्हणूनच जातो. वैद्य निरोग्याच्या घरी जातो काय?”

“वैद्य जातो. पण येताना पाय धुतो.”

“मी नदीतून येईन. स्नानही होईल.”

“स्नानानं अंगावरचं निघतं, आचार्य. खुराच्या फटीतलं निघत नाही. परतताना खालच्या वाटेनं या. डोण आहे, सोडा आजच बदललाय. आणि मग एकवीस दिवस—”

“मी एकविशीत राहावे?” आचार्यांनी शांतपणे विचारले. “त्या शेळीच्या शेजारी?”

“शेळी बरी आहे. बोलते जरा जास्त.”

आचार्य क्षमाशील होते. त्यांनी गाढवास क्षमा केली आणि पाण्यात पाऊल टाकले.

पल्याड त्यांचे मोठे स्वागत झाले. समोर शेकडो गुरे लाळ गाळीत, तीन पायांवर उभी होती. आचार्य प्रहरभर बोलले. अशुद्ध आचारातून रोग जन्मतो, हे त्यांनी सात दृष्टांत देऊन पटवले. श्रोत्यांना बसता येत नव्हते, म्हणून कोणी उठूनही गेले नाही. शेवटी एकेक जनावर पुढे आले आणि त्याने आपले तोंड आचार्यांच्या पायांवर ठेवले. चारही खूर ओलेचिंब झाले. एवढी भक्ती आपल्या जंगलात आपल्याला कधी लाभली नाही, हा विचार आचार्यांच्या मनात आला. तो अहंकाराचा आहे हे ओळखून त्यांनी तो दूर सारला. परंतु पाय दूर सारले नाहीत.

सायंकाळी ते नदीत स्नान करून, स्तोत्र म्हणत आपल्या घाटावर चढले.

घाटावर तांबू गाय वाट पाहत होती. तांबू ही आचार्यांच्या बहिणीची मुलगी. बहीण पाच वर्षांपूर्वीच्या रोगानंतर खंगून गेली. तांबूला आचार्यांनी वाढवले. सारे जंगल त्यांना आचार्य म्हणे. ती एकटी मामा म्हणे. तिची दोन वेते वाया गेली होती. तिसऱ्या वेताला आठ दिवसांपूर्वी कालवड झाली होती. तिचे नाव बकुळी. तिच्या कपाळावर बोटभर पांढरा ठिपका होता. बकुळीने पहिल्यांदा उभे राहायचा प्रयत्न केला, तेव्हा ती आचार्यांच्याच पुढच्या पायाला टेकून उभी राहिली होती. त्या वेळी आचार्यांचे नामस्मरण क्षणभर थांबले होते. ही गोष्ट त्यांनी कोणास सांगितली नाही.

“मामा, पल्याडची वार्ता ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही,” तांबू म्हणाली. “तुळाजी म्हणतो, बकुळीला घेऊन चार दिवस वरच्या माळावर जा. कुणाच्या जवळ जाऊ नको. जाऊ का?”

“गाढवाने सांगितले?”

“हो. पण मला पटलं.”

“माळावर एकटी राहशील. आधार कोणाचा?” आचार्य म्हणाले. “येथे राहा. सायंप्रार्थनेला ये. आजचे तीर्थ तिला दे.”

प्रत्येक प्रवचनानंतर आचार्यांचे खूर पळसाच्या द्रोणात धुतले जात आणि ते चरणतीर्थ कळपात वाटले जाई. आज पुण्य अधिक होते, कारण प्रवचन सीमेपलीकडे झाले होते. तांबूने स्वतः खूर धुतले. फटींतून जिभेने माती काढावी तसे नीट धुतले. मग द्रोण बकुळीच्या तोंडाशी धरला. बकुळीने दोन घोट घेतले, शिंकली आणि पुन्हा तोंड घातले.

आचार्यांनी डोळे मिटून तिच्यासाठी दीर्घायुष्य मागितले. ती प्रार्थना खरी होती, बालकांनो. इतकी खरी प्रार्थना त्यांनी स्वतःसाठीही कधी केली नव्हती.

उरलेले तीर्थ कळपाने घेतले.

चौथ्या दिवशी पहाटे आचार्यांना चारा गोड लागेना. कोवळी हराळी होती, तरी तोंडात घेताच आग झाली. ते नदीवर गेले, पाण्यात वाकले आणि जीभ बाहेर काढून पाहिली. जिभेवर तीन फोड होते.

ओवी त्यांचीच होती. तिच्यात एकही मात्रा चुकलेली नव्हती.

त्यांना सर्व कळले. पल्याडची ओली तोंडे आठवली, खूर आठवले, द्रोण आठवला. नाका घाटापासून शंभर पावलांवर होता. तुळाजी डोणीत सोडा ढवळीत होता, त्याचा आवाज ऐकू येत होता. शंभर पावले जाऊन चार शब्द सांगायचे, एवढेच काम होते.

आचार्य वीस पावले चालले.

मग त्यांच्या मनात आले की, उद्यापासून रोगनिवारण सप्ताह सुरू होत आहे. पहिले प्रवचन आपले आहे. आपणच रोगी ठरलो, तर कळपाचा नियमांवरचा विश्वास उडेल. नियम टिकावेत, म्हणून नियम मोडणे आले. हा युक्तिवाद त्यांना इतका निर्दोष वाटला की, त्यांनी तेथूनच मागे वळण्याची तयारी केली. चांगल्या युक्तिवादाची हीच ओळख आहे: तो नेहमी आपल्याला जिकडे जायचे असते, तिकडेच नेतो.

त्या दिवशी आचार्यांनी मौनव्रत धरले. ते कळपाच्या मधोमध असलेल्या टेकडीवर जाऊन उभे राहिले. खूर दुखू लागला, तेव्हा त्यांनी एक पाय उचलून धरला. कळपाने ते पाहिले आणि तो थक्क झाला.

“त्रिपाद तप आहे,” भुराबाई म्हणाली. “माझ्या आजेसासूनं पाहिलं होतं म्हणे.”

दुपारी आचार्यांच्या तोंडातून लाळेची तार सुटली.

“आणि तोंडातून?” कोणीतरी विचारले.

“भाव आहे तो. डोळ्यांतून आला तर अश्रू म्हणतात. आत मावला नाही की तोंडातून येतो.”

तुळाजी नाका सोडून टेकडीवर आला. त्याने आचार्यांना सर्व बाजूंनी न्याहाळले.

“आचार्य, तोंड उघडून दाखवा.”

आचार्यांनी मान हलवली.

“अहो, मौन आहे त्यांचं,” भुराबाईने दटावले.

“मौनात बोलायचं नसतं. जीभ दाखवायला काय हरकत आहे?”

“तू नाक्यावर जा बघू. तिथं फलक आहे ना आपला? मग इथं रोग कसा येईल? उगीच वाच्यता करू नको. पुढच्या महिन्यात चाऱ्याचा बाजार आहे. शेजारची जंगलं येणार आहेत.”

तुळाजीने तांबूकडे पाहिले. मग तो गेला. गाढवाला हट्टी म्हणतात. ते चुकीचे आहे. गाढवाचे कोणी ऐकत नाही, म्हणून त्यास तेच वाक्य पुनःपुन्हा बोलावे लागते.

सहाव्या दिवशी कळपातील निम्मी जनावरे तीन पायांवर उभी राहिली. सर्वांच्या तोंडांतून भाव वाहत होता. सर्वांनी चारा वर्ज्य केला होता. एवढे तपस्वी एकाच वेळी कोणत्याही जंगलात झाले नव्हते. भुराबाईने फलकाखाली दुसरा फलक लावला: ‘हे जंगल तपोभूमी आहे.’ ज्यांचा पाय दुखत नव्हता, अशी काही तरुण खोंडे लाजेखातर पाय उचलून उभी राहिली. टेकडीला प्रदक्षिणा घातल्यास तप लवकर फळते, असे कोणीतरी सांगितले. ते सर्वांना पटले, आणि लंगडणाऱ्यांची रांग टेकडीभोवती फिरू लागली.

सातव्या दिवशी सकाळी तांबू टेकडीवर आली. बकुळी तिच्यामागे चालत होती. तिचे पाय थरथरत होते. तोंडाभोवती फेस होता.

“मामा,” तांबू म्हणाली, “माझ्या तोंडात फोड आले तेव्हा मी काही बोलले नाही. सगळे तप म्हणतात, तर तप असेल. पण ही दोन आठवड्यांची पोर. ही कसलं तप करते?”

आचार्य समोर पाहत राहिले.

“साळिंदर म्हणतो, हा रोग असेल तर वासराला चालवू नको. उभंसुद्धा करू नको. या रोगात वासराचं काळीज कच्चं होतं. चाललं की बंद पडतं. आणि भुराबाई म्हणते, तीन प्रदक्षिणा घाल, उतार पडेल.” तिने श्वास घेतला. “तुमचं मौन मोडायला नको. नुसती मान हलवा. रोग असेल तर मी हिला इथंच निजवते. चारा-पाणी तोंडात आणून देते. रोग आहे का, मामा?”

मान हलवायची होती. ती एका बोटाइतकी हलली असती, तरी पुरले असते.

टेकडीखाली रांग थांबली होती. सातशे डोळे वर लागले होते. आचार्यांनी ते डोळे पाहिले. मग बकुळीकडे पाहिले. ती त्यांच्या पुढच्या पायाला टेकली होती, कारण तिला उभे राहवत नव्हते. आचार्यांच्या खुराच्या जखमेवर तिचा भार पडला आणि त्यांना कळ आली.

त्यांनी डोळे मिटून घेतले. खालून ते ध्यान दिसले.

“मग तपच आहे,” तांबू म्हणाली. तिच्या स्वरात सुटकाही होती. “चल ग बये. तीनच फेरे.”

पहिली प्रदक्षिणा पूर्ण झाली. दुसरी झाली. आचार्यांनी डोळे उघडले नाहीत, पण पावले ते ऐकत होते. तांबूची पावले जड होती. बकुळीची हलकी आणि तुटक होती. तिसऱ्या प्रदक्षिणेत अर्ध्यावर फक्त जड पावले ऐकू आली. मग तीही थांबली.

आचार्यांनी डोळे उघडले. बकुळी एका अंगावर पडली होती. तिने पाय झाडले नाहीत. तांबू तिला चाटून उठवीत होती. फोडांनी भरलेल्या जिभेने ती बराच वेळ चाटत होती.

त्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत जंगलात अकरा वासरे गेली.

वासरे मेल्यावर तपाला रोग म्हणण्याची परवानगी पंचायतीने दिली. लगेच दोषी शोधणे आले. सभा भरली. आचार्य मधल्या शिळेवर होते. त्यांचे मौन चालूच होते.

“रोग पल्याडून आला,” भुराबाई म्हणाली. “म्हणजे पल्याडून जो आला, त्यानं आणला. आपल्यात पल्याडची कोण आहे?”

सर्वांनी एकविशीकडे पाहिले. मैना शेळी कुडावर पुढचे पाय टेकून सभा पाहत होती.

“मी कुठं आले?” मैना म्हणाली. “मी आत आहे. परवा माझे एकवीस दिवस भरले, तरी तुम्हीच सोडलं नाही. माझ्या तोंडात फोड आहे का बघा. आ करते.”

“रोग हवेतून येतो,” कोणी म्हणाले.

“मग माझ्या आधी या गाढवाच्या नाकातोंडात गेला असता. मी त्याच्याशीच बोलते दिवसभर.”

“गाढवाला होत नाही.”

“शेळीला होतो ना? मग मला का नाही?”

या प्रश्नाचे उत्तर सभेकडे नव्हते. उत्तर नसल्यामुळे सभा संतापली. शेळीला तिच्या मिठासह नदीपार हाकलावे आणि तिच्या सर्व कुळाला या जंगलात कायमची बंदी असावी, असा ठराव मांडण्यात आला. पल्याड अजून रोग होता. मैनाला तो झालेला नव्हता. तिला तेथे धाडणे म्हणजे काय, हे एकट्या तुळाजीला समजले. त्याने ते सांगितले. अर्थातच ते गाढवाचे बोलणे होते.

तेव्हा आचार्य बोलले.

“थांबा. रोग मी आणला.”

आचार्यांनी सर्व सांगितले. पल्याडची ओली तोंडे, घाट, तीर्थ, जिभेवरचे तीन फोड, वीस पावले. त्यांनी एकही दृष्टांत दिला नाही. त्यांच्या आयुष्यातील हे सर्वांत लहान भाषण होते.

मग भुराबाईच्या डोळ्यांना धार लागली.

“पाहिलंत?” ती गहिवरून म्हणाली. “याला म्हणतात संत. शेळीचं पाप आपल्या अंगावर घेतलं.”

“मी पाप घेतलेले नाही. केले आहे.”

“किती नम्रता,” मागून कोणी म्हणाले.

“भुराबाई, मी खरे सांगतो आहे.”

“तुम्ही तसंच म्हणणार, आचार्य. मोठी जनावरं असंच म्हणतात.”

“ते खरं बोलतायत,” तुळाजी म्हणाला.

“गाढवा, तू गप्प बस. त्यांच्याविषयी असं बोलवतं तरी कसं तुला?”

ठराव एकमताने संमत झाला. मैनाला नदीकडे हाकलण्यात आले. जाताना ती शिळेपाशी थांबली.

“शास्त्रीबुवा,” ती म्हणाली, “बोलता छान तुम्ही. सात दिवस आधी एवढंच बोलला असतात, तर अकरा वासरं आज दूध प्यायली असती. मला काय, मी मीठ विकते. ते उशिरा मिळालं तरी खारटच लागतं.”

ती पाण्यात उतरली. कळप आचार्यांच्या चरणांकडे धावला. द्रोण घेऊनच धावला. आचार्यांनी पाय मागे घेतले. तेव्हा कळपाने शिळा धुऊन ते पाणी घेतले.

आचार्य स्वतः नाक्यावर गेले. त्यांनी चारही पाय डोणीत घातले. जखमांत सोडा गेला, तेव्हा त्यांच्या तोंडून नाम निघाले नाही, साधा हंबरडा निघाला. तुळाजी जवळ उभा होता. एकविशी रिकामी होती. आचार्य तीत एकवीस दिवस राहिले. शेळीने चाटलेला मिठाचा एक तुकडा कुडाला अडकून होता. त्यास त्यांनी तोंड लावले नाही.

बाहेर दररोज रांग लागे. आचार्य प्रत्येकास सांगत, “रोग मी आणला. आजारी असाल, तर लपवू नका.” प्रत्येक जण म्हणे, “धन्य.” मग तो घरी जाऊन आपला फोड लपवी, कारण आचार्यांसारखे तप घडावे, अशी प्रत्येकाची इच्छा होती.

बाविसाव्या दिवशी तुळाजीने फाटक उघडले. समोर तांबू उभी होती. तिच्या जिभेवरचे फोड बरे झाले होते. कास आटली होती. त्या सबंध जंगलात आचार्यांचे बोलणे खरे मानणारी, गाढव सोडले तर, ती एकटीच होती. आचार्यांनी ते तिच्या डोळ्यांत पाहिले आणि त्यांना आशा वाटली.

“तांबू,” ते म्हणाले, “मला कोणी शिक्षा देत नाही. तू दे. जंगल सोडून जा म्हण. शिंगे मोडून घे म्हण. जे म्हणशील, ते मी करीन.”

तांबूने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. मग रांगेतील इतर गुरांप्रमाणे तिने मान लववली. पायांना स्पर्श केला नाही.

“मी कोण शिक्षा देणारी, आचार्य?” ती म्हणाली, आणि चरायला निघून गेली.

आचार्य त्यानंतर नऊ वर्षे जगले. तांबूने त्यांना पुन्हा मामा म्हटले नाही.

तात्पर्य: लपवलेला रोग तप ठरतो, सांगितलेला रोग पाप ठरतो. म्हणून सुज्ञ गुरूने योग्य वेळी मौन धरावे, आणि बोलायचेच झाल्यास फार उशिरा बोलावे, म्हणजे कोणी विश्वास ठेवणार नाही. सीमेवर गाढव अवश्य नेमावे. एखादी शेळीही हाताशी असू द्यावी.